च्या संपेस्तोवर हात लावायचा न्हाई

आमच्या मालकाला, म्हंजी माझ्या नवऱ्याला, अख्खं धारूर घाबरट म्हणतं. म्हणू द्या. ज्यांच्या गाड्या ऐन घाटात बंद पडतात त्येच येतात पाय धरायला, तवा न्हाई म्हणत कुणी घाबरट.

नाव मी घेत न्हाई त्यांचं. लग्नात उखाण्यापुरतं घेतलं, आन् त्यानंतर एकदाच. घाटाच्या तोंडाला आमचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान हाय, पाटीवर नाव मोठ्या अक्षरात लिहिलंय, ज्याला पाहिजे त्यानं वाचावं. मी 'अवो' म्हणते आन् त्यांना ऐकू येत न्हाई. निम्मं डाव्या कानामुळं, निम्मं सवयीमुळं. हाक मारून मारून माझा घसा बसतो, पण माणूस वायरीतून मान वर काढंल तर शपथ.

डावा कान त्यांनी संभाजीनगरला घालवला. तिथं एका ग्यारेजात कामाला व्हते. शेजारच्या गाडीत एकानं बॅटरी न काढता स्टेअरिंग खोललं आन् आतली एअरबॅग फुटली. गाडी धडकली की डायवरच्या छातीम्होरं पिशवी फुगते ना, तीच. डोळा लवायच्या आत फुगती, म्हणून तर जीव वाचवती. पण तोंड तिच्यावर वाकवून बसलेल्या माणसाला ती काय वळखती? त्या पोराच्या तोंडाचं लई वाईट झालं. हे नुसते बाजूला उभे व्हते, तर कान गेला.

तवापासून यांचा कायदा. एअरबॅगची गाडी आली की आधी बॅटरीची तार काढायची, तिच्यावर जुना पायमोजा चढवायचा आन् मला म्हणायचं, "च्या टाक." बॅटरी काढली तरी त्या पिशवीच्या डब्यात थोडा वेळ करंट साठून ऱ्हातो म्हणं. त्यो मरावा लागतो. मी च्या उकळायचा, गाळायचा, त्यांनी फुकून फुकून प्यायचा. कप खाली ठेवल्याबिगर स्टेअरिंगला हात न्हाई. गिऱ्हाईक तळमळतं, घड्याळ बघतं, मला म्हणतं, वहिनी जरा लवकर उकळा. मी मुद्दाम गॅस बारीक करते.

गेल्या हंगामात, उसाच्या गाड्या घाटातून सुरू झाल्या त्या दिवसात, माझा धाकटा भाऊ तानाजी, सोमेश्वर आबाची गाडी घेऊन आला. आबा म्हंजी आमच्या भागातले पुढारी. जमीन दांडगी, माणसं दांडगी, गाडीबी दांडगी. तानाजी त्यांचा डायवर. दोन तक्रारी व्हत्या. समोर लाल दिवा पेटलेला ऱ्हायचा, बसलेला माणूस आन् छातीम्होरं गोळा असं चित्र असतंय बघा त्यो दिवा. आन् वळणावर हॉर्न वाजंना.

"आबा म्हणलेत, हॉर्न तेवढा करून द्या. दिव्याचा बल्ब काढून टाका, डोळ्याला तरास व्हायलाय," तानाजी म्हणला.

मालकांनी मशीन लावून बघितलं. डायवरच्या एअरबॅगची लाईन तुटल्याली, असं मशीन म्हणत व्हतं. त्यांनी ईचारलं, "स्टेअरिंग कुणी उपसलं व्हतं?"

"उपसलं व्हतं की. जरा वाकडं दिसायलं, तर रस्त्यात एका टायरवाल्यानं काढून सरळ बसवून दिलं."

मालकांनी कपाळाला हात लावला. स्टेअरिंगच्या खाली शिंप्याच्या टेपावानी गुंडाळलेली एक पट्टी असती. स्टेअरिंग फिरलं की ती उलगडती, परत गुंडाळती. हॉर्नचा करंट तिच्यातूनच जातो आन् एअरबॅगचाबी. ती बरोबर मधोमध धरून बसवावी लागती. टायरवाल्यानं बसवली कशीबी, मग एका बाजूला पुरं वळवलं की पट्टीला ताण, आन् एक दिवस तटकन तुटली.

"म्हंजी धडक बसली तर पिशवी फुगायची न्हाई," मालक म्हणले. "बल्ब काढला तर नुसता दिवा तुला दिसायचा बंद होईल. मी बल्ब काढत न्हाई. पट्टी बदलायची असंल तर बदलतो, न्हाईतर दुसरीकडं जा."

तानाजी खरंच निघाला की वो. आबाचं ऐकावं का दाजींचं, ह्या कात्रीत सापडलेला. तवा मीच मधी पडले. मालकांना बाजूला घेतलं आन् म्हणलं, "तुमी न्हाई केलं तर कुणीबी बल्ब उपसून देईल. रोज घाटातून ये-जा करतो त्यो. म्होरून उसाच्या डबल ट्रॉल्या यायल्यात. आबा मागं बसतेत, छाती तर माझ्या भावाची हाय म्होरं. तुमीच करा."

त्यांना ह्या कामाची धास्ती हाय, मला ठाऊक व्हतं. एअरबॅगची गाडी आली की त्या दिवशी त्यांना जेवण जात न्हाई. तरी मी म्हणलं. शेवटी त्ये म्हणले, "बरं. पट्टी बीडहून मागवून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी आली. आबाला दुपारी नेकनूरला साखरपुड्याला जायचं व्हतं, त्यांचे फोनावर फोन सुरू. मालकांनी बॉनेट उघडलं, तार काढली, पायमोजा चढवला. गाडीत आणखी काय काय बसवलंय म्हणून ईचारलं.

"काय न्हाई, वरचा हॉर्न. आन् मागं भोंग्याचं हाय, इलेक्शनमधलं," तानाजी म्हणला.

"बंद हाय का?"

"बंद हाय की. आता कुठं इलेक्शन?"

खोटं बोलला न्हाई त्यो. बंदच व्हतं. पण 'भोंग्याचं' म्हंजी काय काय, त्ये त्यानं सांगितलं न्हाई. आमच्याकडच्या पुढाऱ्यांच्या गाड्या म्हंजी निम्मी वरात असती. दिवसभर गावोगाव भोंगा वाजवायचा तर गाडीची बॅटरी बसती, म्हणून मागच्या शिटाखाली दुसरी बॅटरी ठेवतेत. ती म्होरच्या बॅटरीच्या लाईनलाच जोडतेत, म्हंजी गाडी चालली की आपोआप चार्ज व्हती. मधी एक बटन. बटन दाबलं की म्होरचा करंट मागं जातो. आन् मागचाबी म्होरं येतो, ह्ये मात्र कुणाच्या ध्यानात ऱ्हात न्हाई. तानाजीच्या डोक्यात भोंगा म्हणलं की त्याची बॅटरी आलीच. मालकांच्या डोक्यात भोंगा म्हंजी भोंगा.

मी च्या टाकला. आबाचा फोन आला, "झालं का न्हाई बे?" तानाजी म्हणला, "दाजी च्या प्यायलेत." तिकडून काय शिव्या आल्या त्या त्याच्या तोंडावरच दिसल्या. मालक आपले फुकर मारायलेत. कप रिकामा करून खाली ठेवला आन् मग उठले.

चावी त्यांनी फिरवून ठेवली. चावी काढली की स्टेअरिंग लॉक होतं आन् पिशवी सोडवायची स्टेअरिंगमागची भोकं सापडत न्हाईत, म्हणून फिरवावी लागती. एकबी दिवा लागला न्हाई. गाडी मेल्याली, त्यांनी नीट बघून घेतलं. मग डायवरच्या दाराबाहेर उभं राहून, अंग बाजूला धरून, दोन्ही हात आत घातले. टक्, टक् करून मधला भाग सुटला. त्याच्या मागं वायरीचा पिवळा जोड असतो, त्यो उचकटायचा. तेवढंच जोखमीचं काम. त्यो बारीक, दिसंना, म्हणून त्यांनी मान खाली घातली, तोंड जवळ नेलं. मी पलीकडच्या काचंजवळ कप उचलायला आलते.

तानाजीच्या मोबाईलची बॅटरी उतरल्याली. आबाचा फोन चुकला तर नोकरीवर गदा. त्यो मागचं दार उघडून बसला आन् रोजच्या सवयीनं भोंग्याच्या लाईनवरचा चार्जर लावला, शिटाखाली हात घालून बटन दाबलं.

माझ्या डोळ्यासमोर स्टेअरिंगमागचे दिवे पेटले. सगळे. त्यात त्यो लालबी, बसलेला माणूस आन् छातीम्होरं गोळा. मालकांची मान खाली, त्यांना त्यातलं काही दिसंना. हात पिवळ्या जोडावर. डावा कान माझ्याकडं.

"अवो," मी म्हणलं. मान हलली न्हाई. "अवो, दिवा." काही न्हाई. मागून तानाजी म्हणतो, "काय गं आक्का?" त्यांचं बोट जोडाच्या खाचंत शिरताना मी बघायले.

"बजरंग!"

त्यांचं नाव घेतलं मी, आन् माझाच आवाज मला वळखू आला न्हाई. रस्त्यापलीकडचा पंक्चरवाला उठून उभा ऱ्हायला. मालकांचे हात तिथल्या तिथं थांबले. मान तेवढी वर आली, आन् त्यांना दिवा दिसला. मग त्यांनी बोटं एकेक करून सोडवली, मागं सरकले, मागं, मागं, आन् पार टायरांच्या ढिगावर जाऊन बसले.

"तान्या, काय दाबलंस?" मी म्हणलं. त्याला कळंना. कळलं तवा मोबाईल हातातून पडला त्याच्या. त्याला काय काय बोलले त्ये हितं सांगत न्हाई, आईबाप आमचे एकच हायेत.

आता पिशवी फुटलीच असती असं न्हाई. मालक सोताच म्हणतेत, शंभरदा फुटायची न्हाई. पण त्या संभाजीनगरच्या पोरालाबी असंच कुणीतरी सांगितलं असंल.

मला वाटलं, आता ह्ये गाडीला हात लावणार न्हाईत. मीच म्हणलं, "राहू द्या. जाऊ द्या ती गाडी." त्ये उठले, मागचं शीट उचकटलं, दुसऱ्या बॅटरीची तार काढली. पायातला मोजा काढून तिच्यावर चढवला. चावी त्यांनीच फिरवून बघितली, मग मलाबी बघायला लावली. एकबी दिवा न्हाई.

"च्या टाक," म्हणले.

मी परत आधण ठेवलं, साखर निम्मी बाहेरच सांडली. त्यो च्या आमी तिघांनी प्यायला, कुणी कुणाकडं बघितलं न्हाई. आबाचा फोन वाजत व्हता, तानाजीनं उचलला न्हाई. कप खाली ठेवला, मालकांनी जोड काढला, पिशवी तोंड वर करून लांब फळीवर ठेवली. नवी पट्टी मधोमध धरून बसवली, सगळं परत जोडलं. सगळ्यांना गाडीपासून लांब उभं केलं, तवाच बॅटरी लावली. चावी फिरवली. लाल दिवा लागला, जरा ऱ्हायला आन् विझला. तसाच विझायचा असतो त्यो, आपला आपण. स्टेअरिंग दोन्हीकडं पुरं वळवून बघितलं, हॉर्न वाजला.

तानाजी निघताना माझ्या पाया पडला. मी म्हणलं, दाजींच्या पड. मालकांनी त्याला उठवलं आन् एवढंच म्हणले, "आबाला सांग, दिव्याचा बल्ब चांगला हाय. त्याला कुणी हात लावायचा न्हाई."

त्यो गेल्यावर मी कप धुवायले. मालक मागं येऊन उभे ऱ्हायले.

"कावून वरडलीस नाव घेऊन? अख्ख्या रस्त्यानं ऐकलं."

"अवो म्हणलं तर ऐकलं का तुमी?"

"न्हाई," म्हणले. "नाव ऐकू आलं. डाव्या कानानं."

मला रडू फुटलं मग. एवढा वेळ न्हाई आलं, आन् तवा आलं. कप तसाच हातात.

त्यानंतर मी परत नाव घेतलेलं न्हाई. एअरबॅगची गाडी आली की च्या मीच करते, गॅस बारीकच ठेवते. फरक एवढाच, आता कप घेऊन आत जात न्हाई. ह्ये पिवळ्या जोडाला हात घालतेत तवा मी पलीकडच्या काचंजवळ उभी असते, नजर दिव्यावर, आन् त्यांचं नाव तोंडात तयार.