मावशीच्या पानाला ऊन लागलं

"मावशीचा ता पान वाकडा झाला. येशीत मां?" काकांचा फोन आला आणि मी रजा टाकून कोल्हापूरहून निघाले. ग्रंथालयात जुन्या पोथ्या दुरुस्त करते मी. असला फोन टाळता येत नाही.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, सावंतवाडीकडचे. गोव्यात सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवता चालवता नार्व्यात घर करून राहिले. मावशीला जाऊन वर्ष होत आलंय. ते पान तिनं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या सामानातून उचललेलं: चर्चमधल्या गाण्याच्या जुन्या पोथीचं, चामड्यावर लिहिलेलं, निळ्या-सोनेरी अक्षरांचं. वाचता कुणालाच येईना, पण ती ते भिंतीवर टांगून रोज त्याच्याकडे बघत चहा प्यायची.

आंबोलीचा घाट धुक्यातून तरंगतच उतरले. म्हापशाला भाजी आणि उंडे, म्हणजे तिथले गोल कडक पाव, खाल्ले. (सकाळीच खा, उशिरा गेलात तर उंडे संपतात.) डिचोलीची बस तिथूनच मिळते, पुढे नार्व्याला रिक्षा. नदीकाठची पिवळी शेतं बघताना आपण कशासाठी आलोय तेच विसरले.

घरी पोचले तर पान पापडासारखं वळलेलं, सोनं सुटू लागलेलं.

"पावसानंतर ती रेशमी लुगडी वतात घाली," काका अंगणातल्या उन्हाकडे बोट दाखवत म्हणाले. "तसाच ह्या पण घातलंय. इस्त्री मारू?"

"इस्त्री आधी कपाटात ठेवा!" मी ओरडलेच. "कातडं आहे ते, काका. आरतीत वाजवता त्या तुमच्या घुमटाचं कातडं नाही का पावसात सैल पडत, उन्हात ताठत? तसंच."

पान बंद डब्यात ठेवलं, ओलसर टिपकागद लांब एका कोपऱ्यात. रात्रभरात जरासं सैलावलं. पण खरं सांगणं भाग होतं. याला बारा महिने गारवा लागतो, हवेत दमटपणा निम्म्याच्या आसपास, आणि मुख्य म्हणजे चढउतार नको. नार्व्यात पावसाळ्यात काडी पेटत नाही! पणजीच्या एका ग्रंथालयात तशी खोली आहे.

"तिकाच नेतत तसा वाटता," काका म्हणाले. मला रडू आलं. सकाळी चहा पिऊन त्यांनी स्वतःच डबा माझ्या हाती दिला.

परतताना पान पणजीला सोपवलं. घरी आल्यावर कितीतरी दिवस मला ती शेतं आणि भिंतीवरचा रिकामा खिळाच दिसत होता. उगाच नेलं का, असं वाटायचं.

काल काकांचा फोन आला. "पणजीक जावन इलंय. सरळ झाला गो पान! पण खोली किती गार! तिची शाल पांघरून बसलेलंय."