दुधाच्या कॅनमधले खडस

माझा मामा थापाड्या आहे, आणि हे मी प्रेमाने सांगते. त्याच्या गोष्टीतला प्रत्येक मासा दरवर्षी वीतभर वाढतो. रानडुकराच्या शिकारीची गोष्ट तर खरी त्याच्या वडिलांची, पण सांगताना डुकरासमोर हाच उभा असतो. फक्त गावाच्या वरच्या अंगाला ओढ्यात जो डोह आहे, त्याचं नाव काढलं की मामा आटोपतं घ्यायचा. "काय न्हाई तिथं. खेकडं हायेत." थापाड्या माणूस थाप मारील ती मोठीच, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यामुळे तिकडे गळ घेऊन कुणी गेलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलात मी पेठेहून मामाकडे यात्रेला गेले. त्याचं गाव घाटघरच्या रस्त्याला. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं, चुलीवर मटण, आणि यजमान गायब. मामीचा पारा चढलेला. मी शोधत निघाले, तर मामा डोहाच्या काठावर गुडघ्यांत डोकं घालून बसलेला. डोह आटून अंगणाएवढा उरला होता. त्यात हात-हात लांबीचे खडस, सोनेरी खवल्यांचे मोठे मासे, एकमेकांना घासत फिरत होते आणि तोंड वर काढून हवा घेत होते.

"हे खेकडं व्हय?" मी विचारलं.

"चेष्टा नको करू, बाय. दोन दिस बी काढायचं न्हाईत हे. खालच्या धरणात सोडाय पायजेत. पर येकट्याला कसं जमायचं? आन् सांगावं, तर आज यात्रा. पावणं पोत्यानं भरून नेतील."

मला त्याची दयाही आली आणि रागही. म्हटलं, "जन्मभर थापा मारल्यास, आज एकदा खरं सांगून बघ."

मांडवात चहा चालला होता. मामाने हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं. पिंपरी पेंढारचा एक पाहुणा म्हणाला, "राव, दोन-चार तरी कालवणाला ठेवा की." बाकीचे हसले. मामाचा चेहरा उतरला. तेवढ्यात मामी हातात पळी घेऊन बाहेर आली. "मटण माझ्या ताब्यात हाय. मासं जित्तं धरणात पोचल्याबिगर आज पंगत बसायची न्हाई." आधी पोटोबा मग विठोबा म्हणणारी सगळी मंडळी मुकाट उठली.

आणि पहिल्याच झटक्याला घोटाळा झाला. टोमॅटो पिकवणाऱ्या गावातल्या माणसांच्या हाताला पहिल्यांदा काय लागणार? फवारणीचे बॅरल. खळखळून धुतले, पाणी भरलं, दोन मासे सोडले, तर दोन्ही उताणे! मामा केवढ्यांदा ओरडला. "औषधाचा वास येत न्हाई व्हय रं तुमाला?" खरंच येत नव्हता. त्या वासात राहून राहून आमची नाकं मेली आहेत. ते मासे परत डोहात टाकले. एक सावरला, एक गेला.

मग दुधाचे कॅन निघाले. मामीच्या जुन्या नऊवारीचा झोळ करून चौघे पाण्यात उतरले, मासे कडेला घेऊन अलगद कॅनमध्ये भरू लागले. मोटरसायकलवर मागचा माणूस कॅन धरून बसायचा. मामा म्हणाला, "झाकणं लावू नगा, आन् खड्डं चुकवू नगा. पानी हिंदकळलं की माशाला हवा मिळती." आमच्या रस्त्याला कुणी नावाजल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. खेपा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी डेअरीत दुधाला कसला तरी वास येतो म्हणून बोलणी बसली, ती सगळ्यांनी हसत खाल्ली.

सर्वांत मोठा खडस शेवटी राहिला. कॅनच्या तोंडातून त्याचं डोकं जाईना. मामीने भाताचं मोठं पातेलं रिकामं करून दिलं, ते पिकअपमध्ये चढवलं, आणि मामा त्याला कवटाळून बसला. धरणाच्या पाण्यात मासा सोडला, तर तो आडवाच झाला. मामा कमरेएवढ्या पाण्यात त्याला दोन्ही हातांवर उभा धरून राहिला. बऱ्याच वेळाने शेपटी हलली. मग एक सपकारा मामाच्या तोंडावर बसला आणि मासा गेला.

कुस्ती चितपट व्हावी तसा सगळ्यांनी गिल्ला केला. पिंपरी पेंढारच्या पाहुण्याने तर कपड्यांसकट उडी घेऊन मामाला मिठी मारली.

परत येताना पिकअपमध्ये मी मामाला विचारलं, "इतकी वर्षं तू गावाला इतका कसा रे भ्यालास?"

मामा ओल्या धोतरात कुडकुडत हसला. "हे मासं घावलं त्या पयल्या साली त्यातला येक खाल्ला व्हता गं. लई ग्वाड लागला. गावाचं भ्या न्हवतं मला. माझंच व्हतं."