चापट्या मिस्त्री

मिस्त्रीची आणि माझी ओळख एका थोबाडीतून झाली. हिंगोली-सेनगाव रस्त्यावरच्या सर्व्हिस मोटारीवर मी नवीनच ड्रायव्हर लागलो होतो. मोटार बाजारातच बंद पडली, म्हणून मी वैतागून कॉइलच्या डब्यांवर पान्ह्यानं ठोकत होतो. मागून कोणीतरी आलं, मला खांद्याला धरून फिरवलं आणि अशी ठेवून दिली की माझी टोपी गटारात पडली. "मुक्या चीजेला काहून मारून राहिला बे? तिला तोंड हाय का, काय दुखतं ते सांगायला?" एवढं बोलून तो मोटारीत शिरला. पाव तासात मोटार सुरू झाली. माझा कान मात्र संध्याकाळपर्यंत वाजत होता.

सारं हिंगोली त्याला पाठीमागं चापट्या मिस्त्री म्हणायचं. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. त्याचा हात मोटारमालकावर चालला होता, जिनिंगच्या मुकादमावर चालला होता, आणि एकदा तर स्वतःच्या सख्ख्या मेव्हण्यावर, तेही भर लग्नात. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. नांदेडला काम शिकताना त्याच्या उस्तादानं ती हातोडीनं मोडली होती, का तर वायर चुकीच्या प्लगला लावली म्हणून. मी एकदा विचारलं, "मिस्त्री, उस्तादाचा राग नाही येत?" तो म्हणाला, "येतो ना. अजून येतो. म्हून तर दुकानात पोरगं ठेवत न्हाई. माझा हात आवरत न्हाई, एखादं लेकरू मरंल फुकट."

आमची मोटार जुन्या धाटणीची होती. इंजिनाला चार सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरला ठिणगी द्यायला एकेक कॉइल. लाकडी डबी, आत तारेची गुंडाळी आणि तिच्यावर ओतलेलं डांबर. ड्रायव्हरच्या गुडघ्यासमोर त्या चार डब्या ओळीनं बसवलेल्या असत. प्रत्येक डबीच्या डोक्यावर एक पोलादी जीभ होती. इंजिन चालू असलं की ती थरथरायची आणि डबी भुंग्यासारखी गुणगुणायची. उन्हाळ्यात डांबर पातळ व्हायचं, पावसाळ्यात लाकूड ओल धरायचं. मग एखादी डबी दगा द्यायची, आणि मोटार दम्याच्या माणसासारखी खोकत चालायची.

मिस्त्री चालू इंजिनात एकेका डबीची जीभ बोटानं दाबून धरायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. चांगली डबी दाबली की इंजिनाचा आवाज पडायचा. एखादी दाबली आणि काहीच फरक पडला नाही, की डोळे उघडायचा. "गळा दाबला तरी कोनाला पत्ता न्हाई. म्हंजी ही आधीच मेलेली." कधी बोट घसरलं की असा झटका बसायचा की त्याचं डोकं वर छताला आदळायचं. तो छताला शिवी देऊन पुन्हा हात घालायचा.

पण मेली म्हणून तो डबी लगेच फेकत नसे. ती उचलून दुसऱ्या सिलिंडरच्या जागी बसवायचा आणि तिथली चांगली डबी हिच्या जागी आणायचा. खोकला डबीबरोबर सरकला, तर डबीच खराब. खोकला जुन्या जागीच राहिला, तर डबी बेकसूर. दोष वायरचा किंवा प्लगचा. उतारू उन्हात तिष्ठत असले, मालक बोंबलत असला, तरी ही अदलाबदल झाल्याशिवाय मिस्त्री नवी डबी बसवायचा नाही. "बराबर पाहल्याबगैर कोनाला मेलं म्हनायचं न्हाई," म्हणायचा. माणसाला आधी मारून मग विचारणाऱ्या या गृहस्थाचा डबीच्या बाबतीतला हा धीर पाहून मला हसू यायचं.

नरसीच्या जत्रेत एका मोटारीच्या एजंटानं तांड्यावरच्या एका गरोदर बाईला दंडाला धरून खाली ओढली होती, कुठल्याशा बड्या माणसाला जागा पाहिजे म्हणून. बाई गुडघ्यावर पडली. मिस्त्री समोरच चहा पीत होता. त्यानं कप नीट खाली ठेवला, जाऊन एजंटाचं डोकं मोटारीच्या दारावर तीनदा आपटलं. दोन दात तिथंच पडले. नाक्यावरच्या शिपायांनी मिस्त्रीला नेलं आणि पट्ट्यानं सोलून काढलं. दुसऱ्या दिवशी मी मोटार घेऊन त्याच्या दुकानावर गेलो, तर पाठीला कापड लागत नव्हतं म्हणून तो उघडाच बसलेला. बनियनसुद्धा घातलं नव्हतं. "त्या बाईला जागा भेटली का रे?" एवढंच त्यानं विचारलं. भेटली म्हटल्यावर म्हणाला, "मग आन डब्या."

पुढं ते वाईट वर्ष आलं. बंदूकवाल्यांच्या टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. कुठं गंजी पेटत, कुठं माणसं. सेनगावाकडची कितीतरी कुटुंबं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात जाऊ लागली. पलीकडं वेगळं राज्य होतं, तिथं टोळ्यांचा हात पोचत नव्हता. आमचा मालक केव्हाच निघून गेला होता. मोटार माझ्याच ताब्यात होती. मी माणसं नदीपर्यंत पोचवायला लागलो.

वैशाखातल्या एका दुपारी तेरा माणसं भरली होती. त्यात गणपत आणि त्याचा धाकटा भाऊ किसन होते. सेनगावाजवळचे शेतकरी, दोघंही बायकामुलांसह. मोटार सकाळपासूनच खोकत होती, म्हणून मी मिस्त्रीला बरोबर चल म्हटलं होतं. तो मुसलमान, टोळीवाले मुसलमान. उतारूंमध्ये कुजबूज झाली. मिस्त्रीनं ती ऐकली. तरी तो पुढं माझ्या शेजारी बसला.

नदी तीन कोसांवर असताना चढ लागला. अर्ध्या चढावर मोटार दोन सिलिंडरवर आली आणि थांबली. मिस्त्रीनं डब्यांचं झाकण काढलं. मी हँडल मारून इंजिन चालू ठेवत होतो, तो जिभा दाबत होता. दोन डब्या मेलेल्या निघाल्या. सुटी डबी आमच्याकडे एकच होती. त्यानं अदलाबदल सुरू केली.

"अहो, नवी बसवा की लवकर!" गणपत ओरडला.

"कोन्या जागी बसवू? वायरचा दोष असंल तं नवी बी वाया जाईल. एकच हाय माझ्यापाशी," मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. तसा तो मी पहिल्यांदाच ऐकला.

एक डबी खरोखर मेलेली ठरली. तिच्या जागी नवी बसली. दुसरीची जीभ जळून चिकटली होती, तर तो ती कानशीनं घासू लागला. तेवढ्यात खालच्या वळणावर धुरळा दिसला. चार घोडेस्वार होते. दोघांच्या पाठीवर बंदुका होत्या.

मिस्त्रीनं कानस टाकली. "ऱ्हाऊ दे ही. तीनवर चढते. मार हँडल!"

मोटार सुरू झाली, पण भरलेली मोटार त्या चढावर माणसाच्या चालीनं सरकत होती. घोडे जवळ आले. एकानं हाळी दिली, "चाचा, तुम उतर जाओ. बाकी हमारे हैं." मिस्त्रीनं माझ्या पायाशी पडलेलं लोखंडी हँडल उचललं. म्हणाला, "थांबायचं न्हाई. मागं पाह्यचं न्हाई." आणि चालत्या मोटारीतून उतरला.

मी मागं पाहिलं. पहिला घोडा त्याच्यावर आला, तेव्हा त्यानं स्वाराच्या गुडघ्यावर हँडल घातलं. हाड मोडल्याचा आवाज मला वरपर्यंत आला. स्वार खाली पडला, घोडा बुजून बाकीच्यांना आडवा झाला. दुसऱ्याचा लगाम मिस्त्रीनं डाव्या हाताला गुंडाळला आणि त्याच्या तोंडावर मारतच सुटला. मग गोळी सुटली. ती मोटारीची मागची फळी फोडून किसनच्या मानेत घुसली. त्याच्या बायकोचा सारा पदर लाल झाला. ती हातानं ते भोक दाबत राहिली. मी माथ्यावर पोचलो तेव्हा मिस्त्री रस्त्यावर पडला होता आणि तिघं त्याला लाथांनी आणि बंदुकीच्या दस्त्यांनी हाणत होते. पुढं उतार होता. मी मोटार उतारावरून भरधाव सोडली. किसननं नदीच्या अलीकडंच प्राण सोडला.

वऱ्हाडातल्या छावणीत आठव्या दिवशी गणपत चुलीपाशी बसून चारचौघांत म्हणाला, "मिस्त्रीनं मुद्दाम थांबवली मोटार. नवी डबी हातात असताना जुन्याच हालवत बसला. त्यांचाच मानूस तो. चाचा म्हनले की त्याला." लोकांनी माना हलवल्या. कोणीतरी माझ्याकडं पाहिलं. मी खाली मान घालून भाकरी खात राहिलो.

भादव्यात लष्कर आलं. टोळ्या पळाल्या, आणि वऱ्हाडात गेलेली माणसं परतू लागली ती हातात कुऱ्हाडी घेऊनच. गणपत माझ्या आधी चार दिवस गेला. मी हिंगोलीत पोचलो तेव्हा मिस्त्रीच्या दुकानाचं छप्पर अजून धुमसत होतं. तो चढावर मेला नव्हता; परतलेल्यांनी त्याला दुकानाच्या दारातच तोडलं होतं. उजवं मनगट त्या चढावरच मोडलेलं, नीट जुळलंच नव्हतं. डाव्या हातानं त्यानं दोघांना लोळवलं, असं लोक सांगत होते. गणपतनं कुऱ्हाड चालवली नव्हती. त्यानं फक्त दुकान दाखवलं होतं.

मिस्त्रीच्या बायकोला शेजारच्या तेलिणीनं आपल्या घरात लपवलं होतं. मी गेलो. तिच्यासमोर बसलो. ती सांगू लागली. एका धनगरानं मिस्त्रीला रस्त्यावरून उचलून बैलगाडीत घालून आणलं होतं. पुढं बंदूकवाले येऊन दारावर थुंकून गेले होते, गद्दार म्हणून. "चार महिने तुमचीच वाट पाहत होते," ती म्हणाली. "रोज एकच बोलायचे. तीन डब्यांवर मोटार चढली असंल का? तुमी सांगा भाऊ, चढली का?"

"चढली, भाभी," मी म्हणालो. "सारे पोचलो." किसनचं नाव मी घेतलं नाही.

तिथून मी तडक गणपतच्या शेतावर गेलो. तो पडीक रानातलं माजलेलं गवत खुरपत होता. मी बांधावर उभा राहूनच त्याला सगळं सांगितलं. डब्या दोन मेल्या होत्या, नवी एकच होती. न पाहता ती भलत्या जागी बसवली असती, तर मोटार चढलीच नसती आणि तेराच्या तेरा माणसं तिथंच कापली गेली असती. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, हँडल माझ्याच हातात होतं. गणपत ऐकत होता. ऐकता ऐकता खाली बसला. त्यानं मातीत हात खुपसला.

मग वर पाहून त्यानं विचारलं, "हे तुला ठावं होतं, तं छावनीत काहून न्हाई बोलला?"

त्याला मी उत्तर दिलं नाही. आज पांढऱ्या केसांनी देतो. मिस्त्रीला त्या चढावर टाकून मी मोटार हाकली होती. तो भेदी असता, तर माझं ते टाकून येणं पाप ठरत नव्हतं. म्हणून मी भाकरी खात राहिलो.