फ्रिजच्या दारातलं तिकीट

विजेचे दर वाढले आणि चंदीगडमधलं माझं श्रीखंडाचं छोटं दुकान बंद करायची पाळी आली. तेव्हा एका दुपारी एक म्हातारे सरदारजी आले. श्रीखंड मागायचं सोडून मान तिरकी करून फ्रिजची घरघर ऐकत उभे राहिले. मग खिशातलं बसचं तिकीट फ्रिजच्या दारात धरून त्यांनी दार लावलं आणि तिकीट ओढलं. ते अलगद निघालं.

"बहनजी, आप तो पूरा सेक्टर ठंडा कर रही हैं," ते म्हणाले.

दाराचं रबर बदलायला सांगून ते गेले. नाव विचारायचं राहूनच गेलं.

रबर बदललं त्या संध्याकाळी फ्रिज एकाएकी गप्प झाला. वीज गेली असं वाटून मी वर पाहिलं, तर पंखा फिरत होता. चांगला फ्रिज मधूनमधून विसावतो, हे मला ठाऊकच नव्हतं. मीही स्टुलावर टेकले.