इंजिन उड्या का मारतं

माझे मामा तरुणपणी बोटीवर होते. जर्मनीच्या कुठल्याशा बंदरातून त्यांनी आगगाडीचं एक खेळण्यातलं इंजिन आणलं होतं. लाल रंगाचं, तळहातावर मावणारं, रुळांतून वीज घेऊन धावणारं. त्याचे रूळ कधीच गंजून गेले. मामी गेल्यावर मामा काल्हेरला आमच्याकडे राहायला आले तेव्हा कपड्यांच्या पेटीसोबत ते इंजिनही आलं.

मी गोडाउनमध्ये डिस्पॅच बघते. दिवसभर दुसऱ्यांची पार्सलं रवाना करते. एकदा वाटलं, आपल्यासाठीही काही मागवावं, म्हणून मी नवे रूळ मागवले. रविवारी सकाळी हॉलमध्ये ते गोल मांडले, इंजिन ठेवलं, बटण फिरवलं. इंजिन चाललं, पण टक टक टक करत, उड्या मारत.

"अगो, गाडी हाय का बेडूक?" मामा म्हणाले.

पन्नाशीची बाई मी, फरशीला गाल टेकवून पालथी पडले आणि मोबाइलची बॅटरी लावून बघत राहिले. रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूने उंच कड असते, चाक रुळावरून घसरू नये म्हणून. या जुन्या चाकांची कड चांगलीच मोठी होती. नवे रूळ मात्र बुटके. रूळ धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या बारीक खिळ्यांवर ती कड एकेक करून आपटत होती. म्हणजे इंजिन धड होतं, रूळही धड होते, फक्त दोघांचं जमत नव्हतं. हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की मी मामांनाही खाली वाकून बघायला लावलं.

निजामपुऱ्यात लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, पार्ट लेथवर कातून बनवणारे एक चाचा आहेत. गोडाउनच्या ट्रॉल्यांची चाकं आम्ही त्यांच्याकडेच करून घेतो. इंजिन त्यांच्या हातावर ठेवलं तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवला.

"ये किस लूम का पुर्जा है, बेटी?"

सगळं सांगितलं. कड थोडी घासून कमी करू, असं ठरलं. पण जुनी ओतीव चाकं आतून ठिसूळ झालेली. पहिलंच चाक लेथवर चढवलं आणि त्याचा बिस्किटासारखा भुगा झाला. मामांना काय सांगायचं? चाचा म्हणाले, "अब तो नए बनाने पड़ेंगे. आठों के आठों."

घरी येऊन सांगितलं तर मामा रागावले नाहीत, उलट त्यांनी विचारलं, "भुगा कुठल्या रंगाचा होता?" करडा, म्हटलं. "मंग जस्तच ते. जुनं झालं की आतून कुजतं," ते मान हलवत म्हणाले.

चार दिवसांनी पितळेची आठ चाकं तयार झाली, बारीक कडेची, लखलखीत. जुन्याच आसांवर ती बसवली. घरी रुळावर ठेवताक्षणी 'कट्' असा आवाज झाला आणि रुळांना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा दिवा विझला. इंजिन उचललं की दिवा लागायचा, ठेवलं की विझायचा.

पुन्हा चाचांकडे जाऊन उरलेली जुनी चाकं निरखली. प्रत्येक जोडीतल्या एका चाकात, आसाभोवती, काळ्या प्लॅस्टिकची बारीक चकती होती. ती आम्हाला मळ वाटली होती! एका रुळातली वीज आसातून थेट दुसऱ्या रुळात जाऊ नये म्हणून ती होती. चाचांनी कपाळावर हात मारला. लूमचा एक झिजलेला नायलॉनचा बुश, म्हणजे दांड्याभोवतीचं कडं, शोधून काढला आणि त्यातून चार चकत्या कातल्या.

त्या शुक्रवारी लूम बंद होते, म्हणून चाचा स्वतःच रिक्षाने काल्हेरला आले. मीही ड्युटीला दांडी मारली. चाकं बसवली, बटण फिरवलं. दिवा चालू, पण इंजिन ढिम्म.

मामांनीच विचारलं, "नायलॉन सगळा एकाच बाजूला बसवला का गो?"

"हो. सारखं दिसावं म्हणून."

"मंग वीज यायची एका रुळातून, परत जायची कुठून? पुढच्या दोन जोड्या फिरव."

मी पुढच्या दोन जोड्या काढून उलट्या बसवल्या. आणि इंजिन निघालं, उडी न मारता, हलकंसं गुणगुणत. चाचा म्हणाले, "माशाअल्लाह," आणि गुडघ्यांची तक्रार विसरून माझ्या शेजारी फरशीवर आडवे झाले. मामा खुर्चीतून मोजत होते, एक फेरा, दोन, तीन.

मग दोघे म्हातारे बोटीच्या पंख्याचा दांडा केवढा असतो यावर बोलत बसले. मामा हात पसरून दाखवत होते, चाचा विचारत होते, "और वो लेथ पे चढ़ता कैसे है?" चहा निवला तरी दोघांचं लक्ष नव्हतं.

इंजिन आता रोज चालतं. फक्त एका वळणावर किंचित कण्हतं. का, ते मी अजून शोधते आहे.