उघडं लोखंड

गल्लीत त्याला सगळे सरडा म्हणत. रेडिओचे जुने मनोरे घासून रंगवायचा त्याचा धंदा. मनोऱ्यांना लाल-पांढरे पट्टे असतात, त्यामुळे कामावरून परतताना तो कधी लाल असायचा, कधी पांढरा. त्याची बायको चेष्टेनं म्हणायची, "लोकांच्या सरड्याची धाव कुंपणापर्यंत. आमचा आभाळात जातो, आणि खाली उतरला की विचारतो, चहा झाला का?"

तिला दमा होता. थिनरचा वास सोसायचा नाही, म्हणून तो कामाचे कपडे जिन्याखाली उतरवून, हातपाय रॉकेलनं पुसून, साबणानं धुऊन मगच वर यायचा. घरात ही दोघं आणि औषधांच्या दुकानात काम करणारी मुलगी. बायकोचा भाऊ त्याच्याच जोडीला होता. दाजी मनोऱ्यावर, मेहुणा खाली दोर धरून, अशी त्यांची वर्षानुवर्षांची वाटणी.

त्या वर्षी त्यांना समुद्राकाठच्या रेडिओ केंद्राचा मनोरा मिळाला. खाऱ्या वाऱ्यानं तो पार खाल्लेला होता. हातोडीनं ठोकलं की गंजाचे पापुद्रे गळून पडत. मग तारेच्या ब्रशनं घासायचं, लोखंड चकाकायला लागलं की फडक्यानं पुसायचं आणि तिथल्या तिथं गंज रोखणाऱ्या जस्ताच्या रंगाचा पहिला हात मारायचा. तिथल्या तिथं, हेच महत्त्वाचं. घासलेलं लोखंड त्या हवेत रात्रभर उघडं राहिलं, तर सकाळी तांबूस झालेलं असे आणि सगळी मेहनत पाण्यात जाई. शिवाय प्रसारण चालू असताना मनोऱ्यात वीज खेळत असते, हात लावायची सोय नाही. म्हणून दुपारी कार्यक्रम बंद असत तेवढ्यात चढायचं, आणि संध्याकाळचे सुरू व्हायच्या आत उतरायचं.

एका दुपारी तो मनोऱ्याच्या मध्यावर होता. चारी बाजूंचं लोखंड घासून लख्ख केलेलं, रंगाचा डबा नुकताच उघडलेला. खाली मेहुण्याचा फोन वाजला. बोलणं झाल्यावर त्यानं दोर हलवला आणि तोंडाशी हात धरून ओरडला, "दाजी, ताईला धाप लागलीय. पोरगी दवाखान्यात घेऊन चाललीय. उतरा."

धाप तिला नेहमीच लागायची. दवाखान्यात न्यायचे, नळी लावायचे, दुसऱ्या दिवशी ती घरी येऊन सगळ्यांना फैलावर घ्यायची. गेल्या महिन्यातही तसंच झालं होतं.

"तू हो पुढे," तो वरून म्हणाला. "एवढा हात मारतो आणि येतोच."

"राहू द्या ना दाजी. उद्या परत घासू."

"अरे, आलोच म्हटलं ना. केंद्राच्या पहारेकऱ्याला दोर दे आणि जा."

मेहुणा गेला. ह्यानं भराभर ब्रश फिरवला, पण काम नीटच केलं. वाईट करायची हाताला सवयच नव्हती. सांध्यांत रंग भरला, बोल्टांच्या डोक्यांवरून दोनदा ब्रश फिरवला. मग उतरला आणि तशाच रंगाच्या कपड्यांत दवाखान्यात पोचला.

व्हरांड्यात मुलगी बाकावर बसली होती. मेहुणा भिंतीकडे तोंड करून उभा होता. नर्सनं त्याला दारातच अडवलं. "काका, असे आत नका येऊ. वास येतोय." मग तो कोण आहे हे तिच्या ध्यानात आलं आणि ती बाजूला झाली. आत जाऊनही करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मुलगी त्याला काहीच बोलली नाही. बोलली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं. ती डबा भरून द्यायची, कपडे वाळत घालायची, "भाजी गॅसवर आहे" इतकंच म्हणायची. मेहुण्यानंही दोषाचा शब्द काढला नाही. थोड्या दिवसांनी आला आणि चप्पल न काढता दारातूनच म्हणाला, "दाजी, मला आता उंची झेपत नाही. घरांच्या आतल्या रंगाचं काम मिळतंय, तिकडे जातो." तो तर कायम खालीच दोर धरून उभा असायचा, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मनोऱ्याचं काम त्यानं एकट्यानं, पहारेकऱ्याच्या मदतीनं रेटलं. ते पुरं व्हायच्या आतच केंद्राचं जुनं प्रसारण बंद करायचं ठरलं. केंद्राची साहेबीण स्वतः मनोऱ्यापाशी आली. "काका, थांबवा आता. हा उतरवायचाय. आता सगळं फोनवरच ऐकतात हो."

"मग रंगवायला कशाला लावलंत?"

"तेव्हा कुणाला माहीत होतं?" ती म्हणाली. ते खरंच होतं.

मनोरा कापायला आलेल्या मुकादमाला वर जाऊन साखळ्या अडकवणारा माणूस हवा होता. तो तयार झाला. घरी बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा ते बरं. मध्यावर पोचल्यावर त्यानं त्या दुपारचा रंग निरखून पाहिला. कुठं फोड नव्हता, सांध्यात कुठं तांबूस रेघ नव्हती. एक गंजाचा ठिपका तरी सापडावा म्हणून त्यानं नखानं खरवडून पाहिलं. सापडला नाही. मुकादमानं खालून हाक मारली, तशी त्यानं तिथंच साखळी अडकवली. संध्याकाळपर्यंत तो भाग तुकडे होऊन ट्रकमध्ये पडला होता.

त्यानंतर तो कुठल्याच मनोऱ्यावर चढला नाही.

पुढे एकदा जेवताना त्यानं मुलीला विचारलं. हा विषय त्यानं तोवर कधीच काढला नव्हता. "त्या दिवशी आई माझ्याबद्दल काही म्हणाली होती का गं?"

मुलीचा घास हातातच राहिला. "नाही बाबा. ती शुद्धीवर नव्हतीच. रिक्षातच डोळे मिटले होते तिनं."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

ती त्याच्याकडे न बघता बोलली. खरं सांगते आहे की बापावर दया करते आहे, हे त्याला कळेना. मेहुण्याला विचारलं असतं तर कळलं असतं. मेहुणा दोन गल्ल्या सोडून राहत होता. पण हा कधी त्याच्याकडे विचारायला गेला नाही.

मुलीनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला. नको म्हणायचं त्याला सुचलं नाही. भात तसाच निवत गेला.