फुकटचं प्यादं

मला बिजवराला दिली ती तीस सालाच्या आसपास. बोहल्यावरून उतरते न उतरते तोच गळ्यात सवतीचा टाक आला. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईची आकृती. पहिली गेलेली असली की दुसरीनं तो घालायचा, हळदकुंकू आधी टाकाला लावायचं, मग स्वतःला. नाहीतर ती त्रास देते म्हणे. ही पहिल्या बाळंतपणात गेली होती. "काढायचा नाही हो," आत्याबाईंनी, म्हणजे सासऱ्यांच्या विधवा बहिणीनं, बजावलं. "आंघोळीलासुद्धा नाही."

आमची वाडी श्रीवर्धनच्या समुद्राला लागून. हे मुंबईला कचेरीत, सणासुदीला आगबोटीनं यायचे. घरात मामंजी, आत्याबाई आणि मी. सुपारीच्या दाटीत भरदुपारीही अंधारून यायचं, आणि मामंजी दिवसदिवस तोंड उघडायचे नाहीत. एका दुपारी त्यांनी ओटीवर बुद्धिबळाचा पट मांडला नि हाक मारली, "ये, बैस." मला वाटलं, पाणी हवंय. माहेरी म्हसळ्याला भावांचं बघून सोंगट्या कशा चालतात एवढं मला ठाऊक होतं. बसले.

सुरुवातीलाच त्यांनी एक प्यादं उघडं टाकलं. मी लगेच वजिरानं खाल्लं! त्यांनी घोडा आणून वजिराची परतीची वाट बंद केली.

"फुकटचं प्यादं खायचं नसतं," ते म्हणाले. नजर माझ्या तोंडाकडे नव्हती, गळ्याकडे होती. "तीही इथंच फसली होती."

माझा हात टाकावर गेला. पुढच्या खेपेला ते प्यादं सोडलं, तर उंटाच्या फासात सापडले. "तीही." मग त्या उंटाला प्याद्यानं हुसकायला शिकले. "तीही अशीच शिकली." फास दिसला की हात आवरायचा, समोरच्याला काय हवंय ते आधी बघायचं, हे त्यांनीच शिकवलं, पण मी कुठलीही चाल केली की ती तिथं आधीच जाऊन आलेली! अस्सा संताप यायचा. मेलं, या घरात माझं म्हणून काही आहे की नाही?

मग मला दिवस गेले, आणि संतापाची जागा भीतीनं घेतली. ज्या वाटेनं ती गेली त्याच वाटेनं मी पावलापावलानं चालले होते, आणि ती वाट कुठं संपली ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी टाक मुठीत धरून म्हणायची, बाई गं, मला नेऊ नकोस.

बाळंतपणाला माहेरी निघायच्या आदल्या दुपारी मामंजींनी पट अर्ध्यावरून मांडला. "हा तिचा शेवटचा डाव. माहेरी जाण्याआधीचा. तुझी चाल."

माझा राजा कोपऱ्यात. त्यांचा घोडा पुढच्या चालीत राजाला शह देऊन वजिरावरही पडणार होता. माझा हात आपसूक वजिराकडे गेला.

"तिनंही वजीरच वाचवला," ते हळूच म्हणाले.

"आणि?"

"राजा गेला."

मी हात मागे घेतला. आपल्याकडच्या खेळात, राजाला एकदाही शह बसलेला नसला तर त्याला एक वेळ घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. माझ्या राजाला अजून शह बसला नव्हता! मी त्याला उचलून कोपऱ्याबाहेर ठेवला. आता घोडा आला तरी शह नव्हता.

मामंजी पटावर वाकले. "हे तिला सुचलं नाही."

मी आत जाऊन पदर तोंडाशी धरून रडले, आणि मग हसले.

म्हसळ्याला मला मुलगी झाली. दोघी धडधाकट. परत आले तेव्हा पोरीला तेल लावणाऱ्या आत्याबाईंना मी तोऱ्यात सांगितलं, "मामंजींनी तिला शिकवलेले सगळे फास मी सोडवले. तिला न सुटलेला शेवटचासुद्धा."

त्यांचा हात थांबला. "अगो, तिला कुठला खेळ येत होता? मला शिकवा, शिकवा म्हणून मागे लागायची बिचारी. आमचा दादा खेकसायचा, बायकांचं काम नव्हे म्हणून. माहेरी निघाली तेव्हाही विचारलंन. परत आलीस की शिकवीन, म्हणाला."

मी ओटीवर गेले. मामंजी पट मांडून वाट बघत होते, डोळे माझ्या गळ्याशी. इतके महिने मी मरणाला भ्यायले, आणि हा माणूस माझ्याशी खेळतच नव्हता. मला त्यांचा राग आला नाही.

मी दोरा सोडला आणि टाक पटापलीकडे, माझ्या जागेवर ठेवला. आत्याबाई दारातून किंचाळल्या.

"मामंजी, मधे मी कशाला?" मी म्हटलं. "तिच्याशीच खेळा."

त्यांनी मान वर केली नाही. नेहमीचं ते प्यादं पुढं सरकवलं आणि थांबले. आम्ही दोघी दारात उभ्या. बराच वेळ गेला. प्यादं तिथंच राहिलं.

मग मामंजी समोर बघून हसले.

"शिकलीस गं," ते म्हणाले.